दवाखान्याच्या दाराबाहेरचा खर्च

(दादर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर विचारलं, "म्हणजे योजनांची माहिती देणार ना?" योजना येतील, त्यांना वगळून पुढे जाताच येत नाही. पण मला बोलायचंय ते योजना जिथे थांबतात त्याच्या पुढच्या खर्चाबद्दल. तो खर्च कुठल्याच बिलावर छापून येत नाही, त्यामुळे त्याची बेरीज कोणी मांडत नाही.

टिळक पुलावर उभं राहून परळकडे तोंड केलं, तर पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत काय काय आहे पाहा. १९२६ पासूनचं केईएम. त्याच्या आवारातच रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था. वाडियांची दोन रुग्णालयं, एक बाळंतिणींचं आणि एक मुलांचं. १९४१ पासूनचं टाटा. कामगार विमा योजनेचं महात्मा गांधी रुग्णालय. पोलिओचे थेंब वर्षानुवर्षं जिथून देशभर गेले ते हाफकिन. टॅक्सीनं थोडं पुढे गेलात तर हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेलं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन, कृत्रिम हातपाय आणि कॅलिपर बनवणारं. दुसऱ्या दिशेला वांद्र्यात कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था. आणि आपल्या दादरमध्येच, १९०० साली अॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी सुरू केलेली अंध मुलींची शाळा, आजची कमला मेहता शाळा. सार्वजनिक रुग्णालयात केसपेपर दहा रुपयांत निघतो. गरीब अपंग माणसाला उपचारांसाठी यापेक्षा सोयीचा पत्ता देशात शोधून सापडायचा नाही.

मग प्रश्न असा, की एवढं सगळं हाताशी असताना नायगावच्या, लालबागच्या, काळाचौकीच्या घरांतला माणूस उपचार मध्येच का सोडतो? मी महापालिकेच्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात नोकरी केली. बिल माफ करून घेणं, गरीब रुग्णांसाठीच्या पुअर बॉक्स निधीतून औषधाचे पैसे मिळवून देणं, ट्रस्टांना पत्रं लिहिणं हे माझं काम. बिलापायी उपचार सोडलेली माणसं मला फार थोडी भेटली. त्यांच्या बिलाचं काही ना काही करता यायचं. सोडून जाणारे म्हणायचे, "ताई, रोज आणणं जमत नाही." या वाक्यावर मला कुठल्याच फाइलमध्ये शेरा मारता येत नसे, कारण 'रोज आणणं' असं शीर्षकच आमच्या नोंदवहीत नव्हतं.

या 'रोज आणण्या'चा हिशेब मांडू. नायगावला चाळीत तिसऱ्या मजल्यावर पक्षाघात झालेला एक पन्नाशीचा गृहस्थ आहे असं धरा. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा सांगितलीय. बेस्टमध्ये दिव्यांगांना सवलत आहे, पण ज्याला टेकूशिवाय उभं राहता येत नाही त्यानं सकाळच्या गर्दीत बस धरायची कशी? हा माणूस घाटकोपरला राहत असता तर रिक्षा मिळाली असती, २६ रुपयांपासून. आपल्याकडे माहीम आणि शीवच्या अलीकडे रिक्षा येत नाही. म्हणजे टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये. जाऊन-येऊन ६२, महिन्याच्या बारा-तेरा फेऱ्यांचे साडेसातशे ते आठशे. हे अगदी कमीत कमी, आणि एवढ्या जवळच्या भाड्याला टॅक्सीवाला तयार झाला तर. प्रभादेवी-वरळीच्या बाजूनं येणाऱ्यांचं तर १२ सप्टेंबर २०२५ पासून आणखी अवघड झालं. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतला, आता केईएम किंवा टाटाला यायचं तर टिळक पूल नाहीतर करी रोडचा वळसा. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तो पूल जाणं अटळ असेलही. पण त्या वळशाचं मीटर कोण भरतं, हे कुठल्याही प्रकल्प अहवालात शोधू नका.

टॅक्सी तर चाळीच्या दारात उभी राहिली. त्याला खाली कोणी आणायचं? नायगावच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, शौचालय मजल्याच्या टोकाला. माणसाला लाकडी खुर्चीत बसवून दोघांनी पुढून, दोघांनी मागून उतरवायचं, ही रीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पूर्वी शेजारची पोरं हाकेला यायची. अजूनही येतात, पण आठवड्यातून तीनदा कामावर जायच्या वेळेला कोण किती दिवस येणार? मग एखाद्याला चहापाण्याचे पैसे द्यावे लागतात. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. लिफ्ट आली, घरातच संडास आला. अपंग माणसाच्या दृष्टीनं हे कुठल्याही औषधापेक्षा मोठं. मात्र टॉवरचा मेंटेनन्सही आला, आणि घरातल्या त्याच खिशातून तो भरायचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो, की जगात १३० कोटी माणसं लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात, आणि वापरता न येणारी किंवा न परवडणारी वाहतूक त्यांना इतरांपेक्षा पंधरा पट अधिक अडचणीची ठरते. जिनिव्हात बसून त्यांनी जे आकड्यांत मांडलं ते आमच्या फिजिओथेरपी विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून दिसायचं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाकडं भरलेलं, पंचवीस तारखेनंतर रिकामं.

प्रवासाच्या पुढे घरातला खर्च. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोठ्यांचे डायपर लागतात, एक तीस-चाळीस रुपयांना. पाठीच्या कण्याला इजा झालेल्याला कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे. शय्याव्रण होऊ नये म्हणून हवेची गादी. झाला तर ड्रेसिंग. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला फिट येत असतील तर त्या गोळ्या एक दिवसही चुकवून चालत नाहीत, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर 'स्टॉकमध्ये नाही' असं ऐकू आलं की बाहेरच्या दुकानातून घ्याव्या लागतात. महापालिकेनं 'झिरो प्रिस्क्रिप्शन'ची घोषणा केली, म्हणजे बाहेरून औषध लिहून द्यायचंच नाही. घोषणा चांगली आहे. पण त्यात गोळ्याच मोजल्या जाणार. डायपर हे औषध नाही, त्यामुळे ते कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.

आणि सगळ्यांत मोठी रक्कम, जी कधीच रक्कम म्हणून दिसत नाही, ती घरातल्या बाईची. सेवक पुरवणाऱ्या ब्यूरोतून बारा तासांच्या पाळीला माणूस ठेवायचा तर रोजचे सहा-सातशे तरी मोजावे लागतात. ज्यांचं घरच महिन्याला पंधरा हजारांत चालतं त्यांनी ते कुठून आणायचे? मग आई चार घरची कामं सोडते, नाहीतर सून शिवणकामाच्या वर्कशॉपला जायचं थांबवते. उत्पन्न कमी होतं आणि खर्च त्याच दिवशी वाढतो. अपंगत्व एका माणसाला येतं आणि मजुरी दोघांची बुडते. आमच्या केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना होता. तिथे रुग्णाचा व्यवसाय लिहायचा. सोबत आलेल्या बाईनं काय सोडलं हे लिहायला जागा नव्हती.

अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ च्या पुस्तकात हा मुद्दा फार नेमका मांडलाय. अपंगत्वामुळे माणूस कमी कमावतो ही एक अडचण. दुसरी अशी, की तेवढ्याच पैशांत त्याला इतरांइतकं जगता येत नाही, कारण जे दुसऱ्याला फुकटात होतं त्यासाठी याला पैसे मोजावे लागतात. गरिबी मोजणारे पहिली अडचण धरतात, दुसरी सोडून देतात. केंब्रिजच्या विबके कुक्लिस यांनी ब्रिटनसाठी केलेला हिशेब सेन तिथे देतात. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत दारिद्र्यरेषेखालचं प्रमाण उत्पन्नानुसार २३.१ टक्के. जगण्याचा हा जादा खर्च धरला की ४७.४ टक्के. दुपटीहून जास्त, आणि तेही जिथे सरकारी आरोग्यसेवेत उपचार मोफत मिळतात त्या देशात. म्हणून मघाशी मी परळची रुग्णालयं मोजून दाखवली. मोफत दवाखाना शेजारी असणं आणि उपचार परवडणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते टॅक्सीनं कापावं लागतं.

ही गोष्ट मुंबईत फार पूर्वी एका आईच्या लक्षात आली होती. फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. डॉक्टरांकडून फारशी आशा मिळेना, तेव्हा त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. तिथे त्यांना दिसलं ते हे, की पोलिओत एकदा करून संपणारा उपचार नाही. रोज स्नायूंना व्यायाम द्यायचा, रोज, महिनोन् महिने. परतल्यावर १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्यातूनच हाजी अलीची मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. पुढे १९७२ साली मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पॅस्टिक सोसायटी काढली, तीही आपल्या मुलीच्या निमित्तानं. दोघी आया, दोघींनाही घरातूनच कळलेलं की अपंगत्वाचा उपचार रोजचा असतो. त्यांनी उभारलेल्या संस्थांचं काम मोठंच आहे. पण संस्था म्हटलं की इमारत आली, आणि इमारतीपर्यंत पोचायचं काम पुन्हा कुटुंबावर. हाजी अलीला रोज लालबागहून मूल आणणं एखाद्या मध्यमवर्गीय घराला झेपलं, गिरणी कामगाराच्या घराला नाही झेपलं.

गिरणी कामगार म्हटल्यावर थोडं थांबावं लागेल, कारण गरीब माणसाच्या आरोग्यखर्चाची व्यवस्था या परिसरानं एकदा अनुभवलेली आहे. राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा, मुंबईत योजना आली १९५४ साली. पगारातून थोडी रक्कम कापायची, मालकानं त्याहून जास्त भरायची, आणि कुटुंबाला डॉक्टर, औषध, रुग्णालय सगळं. कामावर हात गेला तर अपंगत्वाची रक्कम जन्मभर, कृत्रिम हातही मिळणार. गिरणगावात विमा दवाखान्याचा डॉक्टर म्हणजे घरचा माणूस. त्याच्यावर टीकाही भरपूर होई, गोळ्या सगळ्यांना एकाच रंगाच्या देतो म्हणून. तरी ती व्यवस्था होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. नोकरीबरोबर विम्याचं कार्डही गेलं. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं खराब करणारा बिसिनोसिस, ज्याचा गिरणी कामगारांत अभ्यास केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी केला, तो मात्र नोकरी गेली म्हणून गेला नाही. आणखी एक विसंगती सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते, त्या मानानं ही मोठी झेप. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन त्यात आले. पण दोन जिने चढून दम लागणारा, काम करू न शकणारा तो म्हातारा विणकर त्यात कुठेच बसत नाही.

हा २०१६ चा कायदा वाचायला सुंदर आहे. कलम २४ म्हणतं, उत्पन्नाच्या मर्यादेत असलेल्या दिव्यांगांना साधनं, औषधं, तपासण्या, दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया मोफत मिळाव्यात. कामगार विम्यात नसलेल्यांसाठी सर्वंकष विमा योजना असावी. जास्त आधार लागणाऱ्यांना काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी भत्ता असावा. कलम २५ म्हणतं, जवळच्या जवळ मोफत आरोग्यसेवा, सगळ्या रुग्णालयांत अडथळ्यांविना प्रवेश, रांगेत प्राधान्य. मी मघापासून जे सांगतेय ते कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, हे यावरून दिसतं. फक्त कलम २४ च्या सुरुवातीलाच 'सरकारच्या आर्थिक क्षमतेनुसार' अशा अर्थाची एक सोय करून ठेवली आहे.

विम्याचं काय झालं पाहा. २०१५ साली स्वावलंबन नावाची योजना आली, दोन लाखांचं संरक्षण, हप्त्याचा बहुतांश भाग सरकारचा. फार काळ टिकली नाही. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' टिकून आहे. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी आहे, एक लाखापर्यंत. तिचं कौतुक अशासाठी, की ओपीडी आणि थेरपीचा खर्च तिनं मान्य केला आणि आधीपासूनचा आजार म्हणून नाकारलं नाही. प्रवासखर्चाचंही शीर्षक तिच्यात आहे. रक्कम वर्षाला एक हजार रुपये. मघाचा हिशेब लावा. आपल्या नायगावच्या मजल्यावर सेरेब्रल पाल्सीचं मूल असतं, तर ६२ रुपयांच्या सोळा फेऱ्यांत वर्षाचा प्रवासखर्च संपला असता. म्हणजे सहावा आठवडा संपायच्या आत.

खासगी विमा कंपन्या तर अपंग व्यक्तीला दारातही उभं करत नव्हत्या. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये निर्देश दिल्यावर विमा नियामकानं २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांना अपंगांसाठी पॉलिसी काढायला भाग पाडलं. त्या निघाल्या. आपल्या विषयातल्या माणसाला त्यांचा हप्ता परवडत नाही, तेव्हा तिथे जास्त वेळ घालवत नाही. तसंच प्राप्तिकराचं. अपंगत्वासाठी ७५ हजारांची, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाखाची वजावट मिळते. ज्याला कर भरण्याइतकी कमाई आहे त्यालाच ती मिळणार.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत मुंबई होती. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीला दीड लाखाची मर्यादा, पिवळ्या-केशरी रेशनकार्डांना. २०२३ च्या निर्णयानं ती पाच लाखांवर गेली आणि पांढऱ्या कार्डालाही लागू झाली. या योजनेनं किती माणसं वाचवली हे मी स्वतः पाहिलेलं आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण तिचं सगळं गणित रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. काही आजारांत पाठपुराव्याची पॅकेजं आहेत, बाकी शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले की योजना संपली. धर्मादाय रुग्णालयांचंही तेच. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. हिशेब खाटांचा. खाटेवर नसलेला माणूस त्यात येत नाही.

ट्रस्टांकडे जाणाऱ्या नातेवाइकांचं एक ठरलेलं प्लास्टिकचं फोल्डर असतं. आत रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं एस्टिमेट, आधार, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या न्यासाकडे, मग मुख्यमंत्री सहायता निधी, मग टाटा ट्रस्ट. हे सगळे देतात, आणि मनापासून देतात. पण एस्टिमेट लागतं. हृदयाच्या झडपेचं एस्टिमेट निघतं, मांडीच्या हाडाचं निघतं. पुढची वीस वर्षं रोज लागणाऱ्या मदतीचं एस्टिमेट कोणता डॉक्टर लिहून देईल? माझ्या टेबलावरून अशी किती पत्रं मी नाइलाजानं 'शस्त्रक्रिया प्रस्तावित' म्हणून फिरवून लिहिली असतील. दान देणाऱ्याला एकदा देऊन एक माणूस बरा झालेला पाहायचा असतो. तो स्वभाव मी समजू शकते. सरकारी योजना त्याच स्वभावानं आखल्या जातात, ते मात्र समजत नाही.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण कानातल्या इम्प्लांटचं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांखालच्या कर्णबधिर मुलाला काही लाखांचं कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळतं. मोठीच गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवायचं, ते आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन वर्षं. वॉरंटी संपल्यावर वायर तुटते, बॅटरी जाते, आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसरच बदलावा लागतो. त्याची किंमत लाखांच्या घरात. काही लाख देणारी व्यवस्था काही हजारांच्या वायरीपाशी थांबते, आणि ऐकणारं मूल पुन्हा ऐकेनासं होतं. कृत्रिम पायाचंही तसंच. वाढत्या मुलाला तो दर वर्षा-दीड वर्षानं लहान होतो.

आता उत्पन्नाच्या दाखल्याकडे येते, कारण सगळ्या दारांची चावी तीच. संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. दिव्यांगाला तिचा लाभ हवा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. दादर-परळमध्ये चार हजारांत कोणतं कुटुंब राहतं ते मला दाखवा. तेव्हा दोनच वाटा उरतात. खरं सांगून पेन्शन सोडायचं, नाहीतर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना माहीत असलेला खोटा आकडा लिहायचा. गरिबाला मदत घेण्यासाठी आधी खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा आहे, आणि ती लावणारे तिला काटकसर म्हणतात. रकमेचंही ऐका. कायदा म्हणतो, दिव्यांगांना तशाच योजनांतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्या. २०२३ मध्ये पेन्शन हजारावरून दीड हजार झालं, निराधारांना दीड हजार, दिव्यांगांनाही दीड हजार. दिव्यांगांची रक्कम अडीच हजार व्हायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. कायदा लागू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आणि टक्के. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशीच्या वर निळं. २०२४ मध्ये मुंबई महापालिकेनं धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावानं दिव्यांगांसाठी अर्थसाहाय्य सुरू केलं. पिवळ्या कार्डाला महिन्याला हजार, निळ्याला तीन हजार. केंद्राचं तीनशे रुपयांचं पेन्शनही ऐंशी टक्क्यांनाच. अस्थिरोग तज्ज्ञानं ७८ लिहिलं की ८२, यावर महापालिकेच्याच रकमेत वर्षाला चोवीस हजारांचा फरक. टक्के मोजताना डॉक्टर सांधा किती अंशात वळतो ते पाहतात, आणि त्यांनी तेच पाहायचं असतं. तो माणूस कितव्या मजल्यावर राहतो, घरात कोण आहे, आठवड्याला किती वेळा रुग्णालयात यावं लागतं, हे मोजायला तिथे कोणी बसलेलंच नसतं. हिमोफिलियाच्या मुलाचे टक्के बऱ्याचदा कमी भरतात, कारण रक्तस्राव नसेल तेव्हा तो चालतो-फिरतो. त्याच्या घरचा खर्च मात्र निळ्या कार्डाच्या घरापेक्षा जास्त असू शकतो.

हे सगळं त्यांच्याबद्दल, ज्यांच्याकडे कार्ड आहे. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या दिव्यांगांपैकी २८.८ टक्क्यांकडेच प्रमाणपत्र होतं, आणि सरकारी मदत २१.८ टक्क्यांपर्यंत पोचली होती. ही टक्केवारी किती माणसांची याचा अंदाज यावा म्हणून सांगते, २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे तीस लाख दिव्यांग मोजले गेले.

मग करायचं काय? माझी मागणी महापालिकेकडे आहे, कारण तिनं निम्मा रस्ता चालून दाखवलाय. रोख रक्कम थेट देण्याचं तत्त्व तिनं मान्य केलं. आता ती रक्कम टक्क्यांऐवजी खर्चाला बांधावी. थेरपीच्या फेऱ्या, लिफ्ट नसलेला मजला, सतत सोबत लागणारा माणूस, इतक्या तीन-चार गोष्टी विचारल्या तरी पुरे. वॉर्डातल्या सोशल वर्करला हे अर्ध्या तासात भरता येतं. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' नावाची योजना काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला सहाशे रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे. तरी घरातल्या बाईचं काम हे काम आहे, असं तिथे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे.

दुसरं, थेरपी चाळीपर्यंत आणा. २०२२ पासून महापालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झाले, लोक तिथे जातात, रात्रीपर्यंत उघडे असतात. प्रत्येकात नको, दर तीन-चार दवाखान्यांमागे एकात फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचार तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी बसावेत, आणि जे तिथेही येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी महिन्यातून दोनदा जावेत. घरच्यांना व्यायाम शिकवला तर निम्म्या फेऱ्या वाचतात. यासाठी नवी इमारत लागत नाही, म्हणून कोनशिलाही लागत नाही. कदाचित तीच अडचण असावी.

यावर पैशांचं काय, असं कोणी विचारेल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असं राज्य सरकारचं धोरण आहे. इतर ठिकाणी या निधीसाठी मोर्चे निघतात. आपल्याकडे तो कशावर जातो हे विचारणारेच कमी. दर फेब्रुवारीत महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जातो, तो सार्वजनिक असतो. या सभागृहात निवृत्त बँक अधिकारी आहेत, हिशेबनीस आहेत, पुस्तकं वाचणारी माणसं तर सगळीच आहेत. तुमच्यापैकी चौघांनी दोन दुपारी देऊन तो पाहावा. दिव्यांगांच्या शीर्षाखालचे आकडे काढावेत, त्यात साधनवाटप किती, कार्यक्रमाचा मांडव किती आणि थेरपी किती, हे वेगळं करावं. तिथे न सापडलेलं वॉर्ड ऑफिसात विचारावं; दादर पश्चिमेचं, जी-उत्तरचं ऑफिस प्लाझा सिनेमाच्या मागेच आहे. दादर पूर्वेला राहत असाल तर तुमचं ऑफिस एफ-उत्तर, नायगावला असाल तर एफ-दक्षिण. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज कसा लिहायचा हे ज्यांना हवं असेल त्यांनी नंतर मला भेटावं, मसुदा मी बरोबर आणलाय.